ऐकणे आणि पाळणे

‘मूल आईचे ऐकते’ असे मराठीत म्हटले, की शब्द केवळ कानावर पडले एवढाच अर्थ होत नाही; सांगितलेले मनावर घेऊन त्याने तसे केले, असा होतो. हिब्रूतील ‘शमा’ या धातूचेही तसेच आहे. ऐकणे आणि आज्ञा पाळणे या दोहोंसाठी तो योजला जातो. हे ध्यानात न घेतल्यास हिब्रू धर्मग्रंथांतील आज्ञापालन म्हणजे मुकाट शरणागती, असा समज सहज होतो.

परंपरेने तोरातील आज्ञांची संख्या ६१३ मानली आहे : २४८ विधी व ३६५ निषेध. आकडा दडपण आणणारा आहे खरा. पण शब्बाथची एकच आज्ञा पाहावी. ‘निर्गम’ या ग्रंथात तिचे कारण सृष्टीच्या निर्मितीत सांगितले आहे, तर ‘अनुवाद’ या ग्रंथात इजिप्तमधील दास्याची आठवण दिली आहे. म्हणून दास, दासी, परका, इतकेच नव्हे तर बैल आणि गाढव यांनाही त्या दिवशी विसावा. ज्यांनी गुलामी भोगली, त्यांनी ती इतरांवर लादू नये, हा या आज्ञेचा गाभा म्हणावा लागेल. कोकणात तेलाचा व्यवसाय करणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत. लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

फारोने नवजात मुलगे मारण्याचा हुकूम दिला, तेव्हा शिप्रा व पुवा या सुइणींनी तो मोडला. देवाचे भय बाळगणे येथे राजाज्ञेच्या भंगात दिसते. सदोम नगरासाठी अब्राहाम तर प्रत्यक्ष ईश्वराशीच घासाघीस करतो आणि पन्नास नीतिमानांवरून दहांवर येतो. परक्यांसाठी एवढे बोलणारा हा पुरुष स्वतःच्या पुत्राचे, इसहाकाचे, बलिदान मागितले जाताच गप्प का राहतो? शेवटी इसहाक वाचतो, तरी ते मौन खटकतेच. ते आदर्श म्हणून पुढे ठेवताना घाई करू नये.

त्याहून बोलकी कथा ‘गणना’ या ग्रंथात आहे. सलाफहाद पुत्राविना वारला. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या त्याच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून पित्याच्या वतनाचा वाटा मागितला. मोशेने प्रश्न परमेश्वरापुढे नेला. मुलींचे म्हणणे रास्त ठरले व नियमच बदलला. पुढे त्यांनी आपल्याच वंशात विवाह करावा, अशी अट पडली. तीही त्यांनी पाळली.