कंपनी शेतकऱ्यांची, कारभार कोणाचा?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या अनेक तालुक्यांतून शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन झाल्या आहेत. कोठे सोयाबीन व तूर यांच्या स्वच्छता-प्रतवारीचे केंद्र उभे राहिले, कोठे गोदाम झाले, तर कोठे बियाण्याचा व खतांचा व्यवहार सुरू झाला. केंद्र शासनाने २०२० साली दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना हाती घेतली. तीत प्रत्येक संस्थेस व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांपर्यंत कमाल १८ लाख रुपयांचे साहाय्य ठेवण्यात आले. इमारत, यंत्रे व अनुदान यांची अशी बरीचशी तरतूद झाली. तथापि यंत्रावर धूळ साचलेली आहे आणि गोदामास कुलूप आहे, अशी केंद्रेही पाहण्यात येतात.

याचे कारण विचारले असता ‘भांडवल नाही’ असे उत्तर बहुधा मिळते. भांडवलाची अडचण खरी आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु माझ्या मते पुष्कळ ठिकाणी भांडवल आटण्यापूर्वीच कारभार आटलेला असतो. कंपनीत काम करणारी माणसे कशी नेमावी, त्यांना काम कसे सोपवावे आणि त्यांच्याकडून हिशेब कसा घ्यावा, याचा विचार यंत्रखरेदीच्या मानाने फारच थोडा होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याच गोष्टीकडे लक्ष वेधण्याचा आहे.

कायदा काय सांगतो?

उत्पादक कंपनीची तरतूद २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती करून करण्यात आली. तीत दोन तत्त्वांची सांगड घातलेली आहे. मालकी शेतकऱ्यांची राहावी म्हणून व्यक्तिगत सभासदांच्या कंपनीत प्रत्येकास एकच मत दिले आहे, मग त्याचे भाग कितीही असोत. संचालक किमान पाच व साधारणतः कमाल पंधरा असावेत, असे ठरविले आहे. त्याच वेळी प्रत्येक कंपनीस पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असला पाहिजे, तो सभासदांव्यतिरिक्त व्यक्तींतून नेमला पाहिजे आणि त्याच्याकडे कारभाराचे भरीव अधिकार सोपविले पाहिजेत, असेही कायदा म्हणतो. संचालक मंडळाची देखरेख व नियंत्रण त्याच्यावर राहते, आणि कामगिरीचा जाब त्याने मंडळास द्यावयाचा असतो.

या तरतुदीतील शहाणपण ध्यानात घेण्यासारखे आहे. धोरण मालकाने ठरवावे. रोजचे काम पगारी, जाणत्या माणसाने चालवावे. आणि त्याच्या कामाची तपासणी पुन्हा मालकाने करावी. प्रत्यक्षात मात्र हा अधिकारी अनेक ठिकाणी अध्यक्षांचा कारकून होऊन बसतो. एक संचालक हमालास पोती आत घेण्यास सांगतो, दुसरा ती बाहेर ठेवण्यास सांगतो, तिसरा त्यास आपल्या शेतावरील कामासाठी घेऊन जातो. ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती’ ही आपली म्हण अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

काट्याजवळील हस्तक्षेप

हस्तक्षेपाची खरी किंमत वजनकाट्याजवळ मोजावी लागते. सोयाबीनची आधारभूत किमतीने खरेदी होते तेव्हा ओलावा सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत असावा, असा निकष असतो. समजा, एखाद्या वजनदार सभासदाचा १०० क्विंटल माल १४ टक्के ओलाव्याचा आहे आणि ‘घरचाच माल आहे, घ्या’ असा शब्द आल्यामुळे तो १२ टक्क्यांचा म्हणून घेतला गेला. हा माल १२ टक्क्यांपर्यंत वाळला म्हणजे त्याचे वजन सुमारे ९७ क्विंटल ७३ किलो भरते. सव्वादोन क्विंटलांहून अधिक घट कंपनीच्या माथी बसते. क्विंटलास ५,००० रुपये भाव धरला तर ही रक्कम ११,००० रुपयांवर जाते. एका खेपेत एवढे नुकसान व्हावे असा नफा धान्याच्या व्यवहारात क्वचितच असतो.

याहून मोठे नुकसान पैशात मोजता येत नाही. ज्या मुलाने आर्द्रतामापक यंत्रावर १४ हा आकडा वाचला आणि ज्यास १२ लिहावे लागले, तो उद्यापासून यंत्र काळजीपूर्वक कशास वाचील? रांगेत उभ्या असलेल्या ज्या लहान शेतकऱ्याचा माल कालच परत पाठविला, तो पुढच्या हंगामात केंद्रावर कशास येईल? नियम एकदा माणूस पाहून वाकला की नोकरही गेला आणि सभासदही गेला, असे समजावे.

जुन्या अनुभवाचा धडा

मालक व व्यवस्थापक यांच्यातील ही वाटणी आपल्या देशात नवीन नाही. गुजरातेतील खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९४६ साली स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांचा विश्वास संपादन केला व टिकविला. दुग्धालयाचा व विक्रीचा कारभार मात्र १९४९ साली आणंद येथे आलेल्या वर्गीस कुरियन या परप्रांतीय अभियंत्याकडे पुढे व्यवस्थापक म्हणून सोपविला. आपल्याकडे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना देण्यात आले. दोन्ही ठिकाणी मालकी शेतकऱ्यांची राहिली, आणि बाहेरच्या ज्ञानास घरात मानाची जागा मिळाली. आपल्या कंपन्यांनी घ्यावयाचा धडा हाच आहे.

नेमणूक व कामाची वाटणी

नेमणूक करताना प्रथम काम लिहून काढावे आणि मग माणूस शोधावा. पुष्कळदा अध्यक्षांचा पुतण्या मोकळा आहे म्हणून जागा निर्माण होते. असा मनुष्य हुशार असला तरी त्यास कोणी जाब विचारू शकत नाही, ही अडचण राहतेच.

लहान केंद्रात चार कामे मुख्य असतात: वजन व ओलावा पाहून माल घेणे, यंत्र चालविणे, गोदाम सांभाळणे आणि रोजकीर्द लिहिणे. प्रत्येक कामापुढे एकेका माणसाचे नाव लिहून तो कागद केंद्राच्या भिंतीवर लावावा. कोणी कोणाच्या आज्ञेत राहावयाचे, हेही त्यावर असावे. संचालकास काही सांगावयाचे असेल तर ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास सांगावे; हमालास किंवा यंत्रचालकास परस्पर हुकूम देऊ नये. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे तंटे मिटतात.

पगार ठरलेल्या तारखेस व्हावा. अनुदानाचा हप्ता येईल तेव्हा पगार देऊ, ही पद्धत घातक होय. अनुदान एक दिवस संपणारच आहे. पहिल्या वर्षापासूनच पगाराचा काही भाग व्यवहारातील उत्पन्नातून देण्याचा प्रघात पाडावा आणि हा भाग दरवर्षी वाढवीत न्यावा.

हमाल व मजूर बायका

कंपनीचे नाव राखणारी किंवा घालविणारी माणसे बहुधा हजेरीपटाच्या तळाशी असतात. बियाण्याच्या कामात हे विशेष दिसून येते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. पोते उंचावरून आपटले तर बाहेरून दाणा चांगला दिसतो, पण आतील अंकुरास इजा होऊन उगवण घटते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. शेतात वर्षभर केलेली मेहनत गोदामाच्या दारात एका आपटण्याने वाया जाऊ शकते.

आता हमालीचा दर पाहा. मजुरी पोत्यामागे ठरलेली असेल, तर जो जास्त पोती टाकील त्यास जास्त पैसे मिळतात. पोते हळू ठेवणारा हमाल आपल्याच पोटास चिमटा घेतो. म्हणजे तोंडाने ‘जपून ठेवा’ म्हणावयाचे आणि पैसे मात्र आपटण्याचे द्यावयाचे, असा प्रकार होतो. यास्तव बियाण्याच्या हंगामापुरती रोजंदारी ठेवावी, आणि घेतेवेळी चांगली असलेली उगवण हंगामाअखेरच्या चाचणीत टिकली असल्यास सर्व टोळीस बक्षीस द्यावे. शिवाय दहा दाणे ओल्या कापडात गुंडाळून, आपटलेले व न आपटलेले यांतील फरक हमालांना एकदा प्रत्यक्ष दाखवावा. कारण डोळ्यांनी पाहिले म्हणजे सूचना पुन्हा पुन्हा द्यावी लागत नाही.

प्रतवारी करणाऱ्या बायकांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. चाळणीजवळ धूळ फार उडते. नाकावर बांधावयास स्वच्छ फडके, बसावयास सावली, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची सोय ही मेहेरबानी नव्हे. सारख्या कामास पुरुषाइतकीच मजुरी देणे कायद्यानेही बंधनकारक आहे. ज्या केंद्रावर आठवड्याचा पगार शनिवारी चुकता होतो, त्या केंद्रास सुगीच्या दिवसांतही मजूर मिळतात. बाकीच्यांना मुकादमाच्या दारी खेपा घालाव्या लागतात.

रोजचे चार आकडे

धंद्याची प्रकृती कळावयास मोठ्या अहवालाची गरज नाही. रोज सायंकाळी चार आकडे फळ्यावर लिहावेत: आज किती क्विंटल माल आला, किती माल स्वच्छ होऊन निघाला, किती घट आली, आणि क्विंटलमागे मजुरी किती पडली.

समजा, दहा मजुरांची ४८० रुपयांप्रमाणे एका दिवसाची मजुरी ४,८०० रुपये झाली. त्या दिवशी ८० क्विंटल माल निघाला तर क्विंटलमागे ६० रुपये पडले. ६० क्विंटलच निघाला तर ८० रुपये पडले. मजूर तेच, मजुरी तीच. मग वीस रुपयांचा फरक का पडला, हे दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांनी एकत्र उभे राहून पाहावे. बहुधा असे आढळते की बारदाना वेळेवर आला नाही, चाळणी तुंबली होती, किंवा वीज गेल्यावर काय करावयाचे हे कोणी सांगितले नव्हते. वीज नसताना पोती झटकणे, शिवणे व थप्पी नीट करणे ही कामे आधीच नेमून दिली, तर तो वेळ फुकट जात नाही.

चूक कामात शोधावी, माणसात नंतर. कोणास बोलावयाचे झाल्यास एकान्तात बोलावे; शाबासकी मात्र चारचौघांत द्यावी.

विश्वास आणि तपासणी

‘सर्व अधिकार व्यवस्थापकास दिले आणि त्याने अफरातफर केली तर?’ ही शंका निराधार नाही, व तसे प्रकार घडतातही. पण त्यावर उपाय हस्तक्षेप नसून तपासणी हा आहे, आणि या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. धनादेशावर दोन सह्या असाव्यात. गोदामातील पोती महिन्यातून एकदा, आगाऊ न कळविता, दोन संचालकांनी मोजावीत. काटापावती व रोजकीर्द ताडून पाहावी. लेखापरीक्षकाने काढलेली प्रत्येक त्रुटी पुढील सभेपर्यंत दूर झाली की नाही, हे इतिवृत्तात नोंदवावे. याप्रमाणे करणारे मंडळ व्यवस्थापकावर विश्वासही ठेवू शकते आणि त्यास जाबही विचारू शकते. दिवसभर केंद्रावर बसून हुकूम सोडणाऱ्या मंडळास मात्र वर्षअखेर कोणासच जाब विचारता येत नाही. कारण प्रत्येक निर्णयात त्याचाच हात असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कंपनीस भेट देताना सभासदसंख्या व अनुदानाचा विनियोग यांची माहिती घ्यावीच. परंतु त्यासोबत आणखी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. गेल्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेस झाला? काल क्विंटलमागे मजुरी किती पडली? आणि अध्यक्षांच्या घरचा माल शेवटी कधी परत पाठविला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने मिळाले, तर ती कंपनी बहुधा ठीक चालली आहे असे समजण्यास हरकत नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, व्यापाऱ्याच्या काट्यावर आपला भरवसा नव्हता म्हणून आपण स्वतःचा काटा उभारला. तो सर्वांस सारखा तोलतो की नाही, हे पाहणे आता आपल्याच हाती आहे. येत्या वार्षिक सभेत लाभांशाचा प्रश्न विचारण्यापूर्वी, काट्याजवळ उभ्या असलेल्या मुलास खरा आकडा लिहिण्याची मोकळीक आहे काय, हा प्रश्न विचारावा. ती मोकळीक असेल तर लाभांशाचा मार्ग मोकळा झाला, असे खुशाल मानावे.