कमी विरोधाच्या वाटेचे तत्त्वज्ञान

न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचे चरित्र गौरवाने सांगितले जाते, आणि ते तसे सांगण्याजोगे आहेही. १८७२ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ, १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत सहभाग, १८८९ मध्ये न्यायाधीशपद, १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १८९३ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. परंतु या गौरवात त्यांच्या एका सिद्धांताची तपासणी मात्र राहून जाते.

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध आवाज उठविला. त्यातून पेटलेल्या वादात १८८६ मध्ये तेलंगांनी प्रतिपादन केले की, राजकीय सुधारणेआधी सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे असे नाही. विरोध सर्वांत कमी असेल त्या वाटेने पुढे जावे. राज्यकर्त्यांशी युक्तिवाद करता येतो, रूढीशी करणे कठीण, असा त्याचा आशय होता.

ही वाट सोपी कोणाला? याच तेलंगांनी १८७७ मध्ये मुक्त व्यापाराच्या सिद्धांताविरुद्ध संरक्षक जकातीची बाजू मांडली होती. बाल्यावस्थेतील उद्योगाला राज्यसंस्थेने हात द्यावा, कालगतीवर विसंबू नये, हे त्यांना पूर्ण उमगले होते. मग गिरणीला थांबणे परवडत नाही आणि बालविधवेला परवडते, हा न्याय कोठला?

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला तेलंगांनी पाठिंबा दिला, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही १८९३ मध्ये त्यांनी स्वतःच्या कन्येचा विवाह अल्पवयातच होऊ दिला. याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो त्या सिद्धांताचाच परिपाक होता. सभेत पुढे ढकललेला प्रश्न अखेर घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, आणि तेथे युक्तिवाद कामी येत नाही.

तेलंग ज्या हंटर आयोगाचे सदस्य होते, त्याच आयोगापुढे १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला, हे त्यांनी रोखठोक सांगितले. फुल्यांच्या मांडणीत आर्थिक व सामाजिक अशा दोन रांगा नव्हत्या. कारण सोसणाऱ्याच्या आयुष्यात त्या नसतात.

महिला आरक्षणाचे विधेयक १९९६ मध्ये प्रथम संसदेत आले, २०२३ मध्ये संमत झाले, आणि संमत होतानाही त्याची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्या दावणीला बांधली गेली. विरोध कमी व्हावा म्हणून किती पिढ्यांनी थांबायचे? हा प्रश्न केवळ सत्ताधाऱ्यांना विचारून भागणार नाही. ‘आधी भाकरीचा लढा, जातीचे व स्त्रियांचे मागाहून पाहू’ असे म्हणणारे कार्यकर्ते समाजवादी चळवळीतही होते आणि आहेत. ते तेलंगांचेच वारस आहेत. फक्त तेलंगांची विद्वत्ता त्यांच्यापाशी नाही.

जेथे विरोध नाही तेथे अन्यायाचे मूळही क्वचितच असते. चळवळीने वाट निवडायची ती हे ध्यानात ठेवूनच.