तारीख एक, नावे चार!

सरकार बदलले की पाट्या बदलतात, हा आपल्या लोकशाहीचा जणू रिवाजच होऊन बसला आहे. तेलंगणात डिसेंबर २०२३ मध्ये भारत राष्ट्र समितीची सत्ता गेली आणि श्री. रेवंत रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस सत्तारूढ झाली. लागलीच मुख्यमंत्र्यांच्या निवासापुढील लोखंडी कठडे हटले व 'प्रगती भवना'चे 'महात्मा जोतिबा फुले प्रजा भवन' झाले. पुढे वाहनांवरील 'टीएस' ही अक्षरे जाऊन 'टीजी' आली. ९ डिसेंबर २०२४ रोजी सचिवालयाच्या प्रांगणात 'तेलंगण तल्ली'ची नवी मूर्ती उभी राहिली. तेव्हा तिच्या मस्तकी मुकुट का नाही आणि हाती बतुकम्मा का नाही, यावर घमासान वाद झडला. असे वाद येतात नि जातात. पण या बदलाच्या लाटेत १७ सप्टेंबर ही तारीखही सापडली आहे, आणि तिची गोष्ट निराळी आहे. ही तारीख कोणत्याही पक्षाने निर्माण केलेली नाही. ती लोकांनी रक्त सांडून मिळवलेली आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिने निजामाचे हैदराबाद संस्थान पारतंत्र्यातच होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस १७ सप्टेंबरचा. या एका दिवसाला आज चार नावे आहेत. महाराष्ट्रात तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' आहे. कर्नाटकात २०१९ पासून तो 'कल्याण कर्नाटक उत्सव दिन' झाला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये अधिसूचना काढून दरवर्षी 'हैदराबाद मुक्ती दिन' पाळण्याचे ठरविले. तेलंगण सरकारने त्याच वर्षी त्याला 'प्रजापालन दिनोत्सव' म्हटले. आधीच्या सरकारने तर सत्तेची पहिली आठ वर्षे या दिवसाकडे पाठच फिरविली होती आणि २०२२ मध्ये केंद्राने हैदराबादेत सोहळा योजल्यावर तिला घाईघाईने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' आठवला. विरोधात असताना हाच पक्ष मुक्तिदिनाची मागणी करीत होता, हे जनता विसरलेली नाही.

या शब्दकलहाची खरी मौज पाहावयाची तर हैदराबादेस जाण्याचे कारण नाही, आदिलाबादेस जावे. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे मराठी, तेलुगु आणि गोंडी या तिन्ही भाषा तेथे एकाच बाजारात बोलल्या जातात. आदिलाबादहून आपल्याच राज्याच्या राजधानीस जाणारी आगगाडी आधी महाराष्ट्रातून, किनवट-मुदखेडवरून वळसा घालते. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत किनवट नांदेडला मिळाला, तर राजुरा नांदेडमार्गे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. म्हणजे रझाकारांचा जाच ज्यांनी एका जिल्ह्याचे रहिवासी म्हणून सोसला, त्यांची नातवंडे आज १७ सप्टेंबरच्या सकाळी किनवटला 'मुक्तिसंग्रामा'चे झेंडावंदन करतात आणि आदिलाबादला 'प्रजापालना'चे! आदिलाबादचे आमदार व खासदार भारतीय जनता पक्षाचे, राज्य काँग्रेसचे; तेव्हा चहाच्या टपरीवर या दिवशी कोणत्या नावाचा जयघोष करावा, यावरून माणसाचा पक्ष ओळखला जातो. इतिहासाची यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

प्रत्येक नावाच्या मागे काहीएक तर्क आहे, हे आम्ही नाकारीत नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेसरशी तुरुंगात गेलेल्या सत्याग्रहींना ती मुक्तीच होती. ज्या तेलुगु शेतकऱ्यांनी १९४६ पासून जमीनदारांविरुद्ध शस्त्र उचलले, त्यांचा लढा मात्र १७ सप्टेंबरला थांबला नाही. तो १९५१ पर्यंत चालला. संस्थानातील कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांवर कारवाईनंतर जो अनर्थ कोसळला, त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार दिला होता. रझाकारांचे अत्याचार सांगताना हे पान फाडून टाकणे सत्याला धरून होणार नाही. एकात्मतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनात ही जखम असेल, तर तिचाही मान राखला पाहिजे. परंतु 'प्रजापालन' हे नाव या साऱ्यांपैकी कशातूनही आलेले नाही. राजेशाही जाऊन प्रजेचे राज्य आले, हा त्याचा अर्थ खरा. पण नव्या सरकारने डिसेंबर २०२३ च्या अखेरीस गावोगाव अर्ज गोळा करण्याची जी मोहीम काढली, तिचेही नाव 'प्रजापालन'च होते. हुतात्म्यांच्या दिवसाला सरकारी मोहिमेचे नाव देणे म्हणजे देवळाच्या कळसावर दुकानाची पाटी लावणे होय.

आणि आदिलाबादच्या गोंडांना कोणी विचारले काय? निजामाच्या पोलिसांशी झुंजताना कोमुरम भीम जोडेघाटला १९४० मध्ये पडला. १७ सप्टेंबरच्या आठ वर्षे आधी. त्याची मागणी पाणी, जंगल आणि जमीन यांची होती. निजाम गेला, तरी जमिनीचा प्रश्न राहिला. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीच्या बाजारात जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. त्यानंतर कैक वर्षे त्या तारखेला स्मृतिस्तंभाभोवती श्रद्धांजलीऐवजी जमावबंदीचा पहारा असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री स्वतः इंद्रवेल्लीस गेले, त्यांनी स्तंभास अभिवादन केले व स्मृतिवनाची घोषणा केली. गोळीबाराच्या वेळी राज्यात त्यांच्याच पक्षाचे सरकार होते, हे ध्यानी घेता या कृतीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. नाव बदलण्यापेक्षा ही चूक कबूल करण्याची वाट अधिक अवघड, म्हणूनच अधिक मोलाची आहे.

दूरच्या कॅनडाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. तेथील 'डोमिनियन डे'चा 'कॅनडा डे' झाला तो १९८२ मध्ये, सभागृहात मोजके तेरा सभासद हजर असताना, काही क्षणांत. त्या घाईबद्दलचा राग तेथे पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. याउलट मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत डांबल्याच्या पापाचे स्मरण म्हणून २०२१ मध्ये ३० सप्टेंबरची सुट्टी ठरली, तेव्हा सभागृहाने ती एकमताने मान्य केली. एकच संसद, दोन पद्धती. जो दिवस सर्वांच्या संमतीने येतो, तो सरकार बदलल्याने जात नाही.

आम्हां गोमंतकीयांना हे दुःख परके नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीबद्दल येथील बहुजनांचे मन एक आहे. पण १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल कोणास अस्मितेचा दिवस वाटतो, तर विलीनीकरणाचे स्वप्न उराशी बाळगलेल्यांना चौतीस हजार एकवीस मतांचे ते अंतर अजून सलते. एका घराच्या दोन खोल्यांतून त्याच तारखेला दोन भावना नांदतात. त्यांपैकी एकीला सरकारी शिक्का मारून दुसरी पुसता येत नाही, हा आमचा अनुभव आहे. सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार सरकारचा असेल. दिवसाचा अर्थ सरकारच्या मालकीचा नसतो.

तेव्हा तेलंगण सरकारने आणि केंद्रानेही दोन मैदानांवर दोन मंडप उभारण्याचा हट्ट सोडावा. विधानसभेत सर्व पक्षांनी बसून या दिवसाचे एक नाव ठरवावे आणि ते कायद्याने बांधावे, म्हणजे प्रत्येक निवडणुकीनंतर पोरांना नवे नाव घोकावे लागणार नाही. सत्याग्रही, शेतकरी, गोंड आणि कारवाईनंतर बळी पडलेले निरपराध, या चौघांचाही उल्लेख पाठ्यपुस्तकात यावा. २० एप्रिलला इंद्रवेल्लीत पोलिसांच्या परवानगीवाचून फूल वाहता यावे. आणि सुट्टी द्यावयाचीच तर ती कचेरीतल्या कारकुनापुरती नसावी. कापसाच्या शेतात राबणाऱ्या मजुराची त्या दिवशीची मजुरी बुडणार असेल, तर त्याच्या लेखी तो उत्सव नव्हे, उपास होय.

किनवट आणि आदिलाबाद यांच्यामध्ये राज्याची सीमा आली, ती पुसली जाणार नाही आणि ती पुसावी असेही आमचे म्हणणे नाही. पण ज्या दिवशी दोन्हीकडच्या आजोबांनी एकच तिरंगा वर जाताना पाहिला, तो दिवस तरी नातवांना एकाच नावाने हाक मारता यावा, एवढी अपेक्षा बाळगणे गैर आहे काय?