ब्रह्मराक्षसाला पद द्या

भुताच्या गोष्टीवर संगीत नाटक करायचं म्हटलं की आपली मंडळी आधी नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी काढून बसतात. दोघेही मोठे लेखक. पण त्यांचं भय वाचकाच्या एकांतात वाढतं. तिथे तबल्याचा ठेका सुरू झाला की ते पातळ होतं. बीदर-कलबुर्गीच्या रंगकर्मींना आमची विनंती आहे, आधी घरातली पोथी उघडा.

गुरुचरित्राच्या तेविसाव्या अध्यायात गाणगापूरच्या पिंपळावरचा ब्रह्मराक्षस आहे. त्याच्या धाकानं शेजारचं घर ओस पडलंय. दत्तावतारी नृसिंहसरस्वती स्वामींना वाजतगाजत गावात आणलं जात असताना तो झाडावरून उतरतो, पाय धरतो, सुटका मागतो. स्वामी त्याला संगमावर स्नानाला पाठवतात आणि त्याच ओस घरात राहायला जातात. वाद्यं आहेत, जमाव आहे आणि भूत स्वतःच्या तोंडानं बोलतंय. संगीतकाराला आणखी काय हवं? एकनाथांनीही भूतबाधेवर भारूडच रचलं. तेव्हा धूर आणि लाल दिवे बाजूला ठेवा. ब्रह्मराक्षसाला संथ लयीचं एक भरदार पद द्या, आणि मिरवणुकीचा गजर त्याच्यासाठी थांबू द्या. पोथी त्याच्या पूर्वायुष्यात फार रमत नाही. ती जागा नाटककाराची.

हे पद कानडीत असावं, असं आम्हाला वाटतं. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर मराठी आपल्याला येत नाही असं पोथीच्या आरंभीच सांगतात, पुढे कानडी पदंही घालतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची मराठी, कानडी, हिंदी पदं एकाच परंपरेत नांदतात. इथल्या प्रेक्षकाला दोन भाषांचं नाटक समजावून सांगावं लागत नाही.

रचनेचा धडा मात्र गिरीश कर्नाडांच्या ‘हयवदन’कडून (१९७१) घ्यावा. दोन पुरुषांच्या शिरांची अदलाबदल झाल्यावर नवरा कोणता, या वेताळाच्या मूळ गोष्टीत राजा निवाडा देतो, शिर ज्याचं तोच नवरा, आणि गोष्ट मिटते. टॉमस मानच्या कादंबरीचा हात धरून कर्नाड त्या निवाड्याच्या पुढे गेले, आणि निवेदक भागवताच्या गाण्यांनी नाटक पेललं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणलं. गाणगापुरातही पिंपळ रिकामा झाल्यावर, इतकी वर्षं भीतीच्या आधारानं जगलेल्या गावाचं काय होतं? आमच्या मते दुसरा अंक तिथून उघडतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. गाणगापुरात आरतीच्या वेळी बाधा झाली म्हणून आणलेली माणसं ओरडतात, खांबांवर चढतात. त्या प्रकाराची नक्कल रंगमंचावर नको. ती दुखणाईत माणसं आहेत, त्यांच्यामागे थकलेली घरं आहेत, आणि टाळ्यांसाठी त्यांचं दुःख वापरायचा हक्क आपल्याला नाही.

संहितेचं पहिलं वाचन शहरात करू नका. गाणगापूरच्याच अफजलपूर तालुक्यात, ज्यांनी वर्षानुवर्षं पारायणं केली आहेत अशा श्रोत्यांपुढे करा. कुठे खटकलं ते ती मंडळी तिथल्या तिथे सांगतील. चाली त्यानंतर बांधा.