हिथक्लिफला गोरा कुणी केला?

लिव्हरपूलच्या रस्त्यावर एक पोरगं भुकेनं मरायला टेकलंय. काळंसावळं, फाटकं, तोंडातली भाषा कुणाला कळत नाही. आईबापाचा पत्ता नाही. अर्नशॉ नावाचा शेतमालक त्याला उचलतो न् साठ मैलांवरच्या आपल्या घरी नेतो. त्या घरात मेलेल्या एका पोराचं नाव त्याला चिकटवतात. आडनाव मात्र देत नाहीत.

हा हिथक्लिफ. एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स' या कादंबरीचा नायक. कादंबरी १८४७ ची. मी ती फाउंटनच्या फूटपाथवरून घेतली न् मॅट्रिकच्या इंग्रजीवर, डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचली. सहाव्या प्रकरणात एका शब्दापाशी अडलो. शेजारच्या हवेलीतला लिंटन या पोराला न्याहाळतो न् अंदाज बांधतो, हे लॅस्कर असेल. लॅस्कर म्हणजे गोऱ्यांच्या जहाजांवरचा आपल्याकडचा खलाशी. कोकण, गोवा, गुजरात, बंगालच्या किनाऱ्यावरनं उचललेला. मी गोदीत ओझी वाहतो. हा शब्द मला परका कसा वाटेल?

पोरगं नक्की कुठलं, हे ब्राँटेबाई शेवटपर्यंत सांगत नाहीत. पण रंग सांगतात. आणि त्या रंगाचं काय होतं तेही सांगतात. म्हातारा अर्नशॉ मरतो, त्याचा मुलगा हिंडली मालक होतो. मारझोड तर तो आधीपासूनच करायचा. मालक झाल्यावर तो हिथक्लिफची शिकवणी बंद करतो न् त्याला गड्यांत ढकलतो. पुस्तक काढून घ्यायचं, हातात फावडं द्यायचं. ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता सिनेमावाल्यांनी काय केलं बघा. १९३९ साली हॉलिवूडात विल्यम वायलरनं सिनेमा काढला. हिथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए. १९६७ साली बीबीसीच्या टेलिव्हिजनवर इयन मॅकशेन. १९९२ साली राल्फ फाइन्स. सगळे गोरे. टेलिव्हिजनवर त्या बीबीसीच्या मालिकेचा शेवट बघून केट बुश या पोरीनं गाणं केलं. १९७८ साली ते इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. गाणं कॅथरिनच्या भुताचं. झालं! पुस्तक न वाचलेल्या जगाला एवढंच ठाऊक झालं: वारा, माळ, प्रेम आणि भूत. शिकवणी कुणी बंद केली, हे गाण्यात कशाला येईल?

शेवटी २०११ साली अँड्रिया अर्नोल्डनं सॉलोमन ग्लेव्ह आणि जेम्स हॉसन या दोन काळ्या पोरांना हिथक्लिफ केलं. पुस्तक निघून १६४ वर्षं झाली होती तेव्हा. आणि २०२६ साली एमराल्ड फेनेलच्या सिनेमात पुन्हा गोरा नट, जेकब एलॉर्डी.

कुणी म्हणेल, नटाच्या कातडीवरून काय भांडता? भांडण कातडीचं नाहीच. रंग काढला की अपमानाचं कारणच निघून जातं. मग हिथक्लिफ उगाचच तिरसट वाटतो. जुलमाची गोष्ट होते स्वभावाची गोष्ट. व्यवस्था सुटली, माणूस फासावर!

आपल्याकडे तर त्याहून पुढची मजल. कादंबरीत नेली ही मोलकरीण खचलेल्या पोराचं मन राखायला म्हणते की तू परदेशी राजाराणीचा पळवलेला पोर असशील. ही नुसती समजूत. १९६६ साली कारदारांनी याच कादंबरीवरनं 'दिल दिया दर्द लिया' काढला. दिलीपकुमार, वहिदा रेहमान न् छळायला प्राण. त्यात अनाथ पोर खरोखरच राजघराण्याचा वारस निघतो. म्हणजे गड्याच्या अंगात स्वाभिमान दिसला, तर रक्त राजाचंच असलं पाहिजे! कर्णाची जुनीच खोड ही. सूताचा पोर शूर निघाला ना, मग त्याला कुंतीच्या पोटी घाला. २०१६ च्या 'सैराट'चा २०१८ साली 'धडक' झाला, तेव्हाही प्रेम ठळक ठेवलं न् जात पुसट केली. कात्री तीच, कापड वेगळं.

पण दोस्तहो, दुसरी कात्री आपल्याला जास्त लागते. कादंबरीत पुढे हिथक्लिफ पैसेवाला होऊन परततो. हिंडलीची जुगारातली कर्जं हातात घेऊन त्याचं घर गिळतो. आणि हिंडलीच्या पोराला, हेअरटनला, तो अडाणी ठेवतो, गडी करतो. आपल्याशी केलं तेच तो दुसऱ्याच्या पोराशी करतो. शेवटी धाकटी कॅथरिन त्या हेअरटनला वाचायला शिकवते न् तिथं हा फेरा तुटतो. १९३९ च्या आणि २०११ च्या सिनेमानं ही पुढची पिढी कापूनच टाकली. १९९२ च्या सिनेमानं ती ठेवली, तर हिथक्लिफ गोरा. रंग आणि हा शेवट, या सिनेमांपैकी एकालाही दोन्ही पेलले नाहीत.

का? कारण दोन्ही एकत्र आले तर प्रश्न उघडा पडतो. जुलूम सोसलेला माणूस मालकाच्या खुर्चीत बसला म्हणून जुलूम संपतो काय? हा प्रश्न गोऱ्यांना बोचतो, आणि आपल्यालाही बोचला पाहिजे. शिकून वर गेलेल्यांबद्दलचं दुःख बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात बोलून दाखवलं होतं. आपल्या वस्तीतनं वर गेलेला माणूस खालच्या पोराला पुस्तक देतो का फावडं देतो, हे ज्यानं त्यानं आपल्याला विचारावं. मीही विचारतो. मुकादमाच्या जागेची स्वप्नं मलाही पडतात.

म्हणून सिनेमा बघा, गाणी ऐका, माझी ना नाही. पण पुस्तक शेजारी ठेवा. वस्तीत पाचजण जमवा न् एका कागदावर लिहून काढा: काय ठेवलं, काय कापलं. कापलेल्या तुकड्यांत आपण सापडू. काही ठिकाणी मार खाताना, काही ठिकाणी मार देताना. दोन्ही पानं वाचायची.