जागा दाखवणाऱ्या बायका

आमच्या वसईत रविवारच्या मिस्सेला आम्ही स्वयंसेविका चर्चच्या दारात उभ्या राहतो. लोकांना जागा दाखवतो, म्हाताऱ्यांना हात देतो, दानाच्या पिशव्या फिरवतो. सेवा म्हणून आनंदानं करतो. पण त्या पैशाचं काय करायचं हे जिथं ठरतं, तिथं आपण किती जणी असतो?

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार (कलम ५३७) प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती हवीच. तिच्यात बसायला बाईला मनाई नाही. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही रीतसर पदंही स्त्रियांना खुली केली. धर्मगुरुपदाचं दार बंद आहे, अर्थसमितीचं नाही. मैत्रिणींनो, इतरांना जागा दाखवतोच. आता आपलीही मागू या.