एका दिवसामागची अठरा वर्षे



ऑटोमन सुलतान दुसरा महमूद याच्यावरील लेखात (मागील अंक) त्याने जून १८२६ मध्ये जानिसारी या जुन्या फौजेचा ‘एका दिवसात’ निकाल लावल्याचे कौतुक आहे. दिवस एक असेल, पण त्यामागे अठरा वर्षांचा धीर होता. नव्या पद्धतीचे सैन्य उभारणाऱ्या सुलतान तिसऱ्या सलीमची गादी १८०७ च्या बंडात गेली. पुढच्याच वर्षी, महमूदला गादीवर बसवणारा वजीर आलेमदार मुस्तफा पाशा जानिसारींच्या उठावात मेला. एवढे पाहिलेला माणूस घाई कशी करील? त्याने आधी तोफखाना आपलासा केला, उलेमांना (धर्मपंडितांना) आपल्या बाजूला वळवले आणि मगच बराकींवर तोफा डागल्या.

फेज टोपी, वैद्यकीय शाळा, १८३१ चे सरकारी वृत्तपत्र यांत लेखक रमले आहेत. टोपीवर तर जरा जास्तच. पण जुनी फौज मोडलेली आणि नवी कच्ची, अशा अवस्थेत रशियाशी युद्ध जुंपले आणि १८२९ मध्ये शत्रू एदिर्नेपर्यंत आला, याचा उल्लेखही नाही. १८३९ मध्ये निझिबला इजिप्तच्या मेहमेद अलीच्या सैन्याने महमूदच्या नव्या फौजेचा धुव्वा उडवला. ती बातमी राजधानीत पोचण्याआधीच सुलतान वारला होता.

– एक वाचक, सातारा